अनामिकेचा प्रश्न : हयात रॉक-गिटारवादकांत श्रेष्ठ कोण?

दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, त्या मंडळींत आम्ही आता जमा आहोत. त्यामुळे ‘हयात’ या शब्दाकडे आमचे लक्ष इतरांपेक्षा थोडे अधिक जाते. येथे उज्जयिनीत, फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पुतण्या आणि त्याचे दोन मित्र यांच्यात एके रात्री वाद जुंपला होता. वादाचा विषय असा की, हयात रॉक-गिटारवादकांत श्रेष्ठ कोण? आम्ही जिना चढून वर गेलो ते खरे म्हणजे ‘आवाज कमी करा’ असे सांगण्यासाठी. पण पुतण्याने आम्हांलाच पंच केले. “काका, तुम्ही आयुष्यभर गाणं ऐकत आलात. तुम्हीच सांगा,” असे तो म्हणाला. आम्ही अमीर खाँसाहेबांच्या आणि कुमार गंधर्वांच्या माळव्यातले श्रोते. विजेच्या गिटारीशी आमचा संबंध भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजापुरता. तेव्हा उत्तर देण्यासाठी आम्ही मुदत मागून घेतली. ती मुदत वर्षाहून अधिक लांबली, आणि त्या काळात आम्ही जे ऐकले व ज्याचा विचार केला त्याचे हे टिपण आहे.

प्रारंभी आमची वृत्ती तुच्छतेची होती हे कबूल केले पाहिजे. कलावंतांना क्रमांक लावणे हा शर्यतीच्या घोड्यांचा व्यवहार, असे आमच्या पिढीने मानले आहे. तथापि थोडा विचार करता ही तुच्छता आमच्या गावाला शोभणारी नाही असे ध्यानात आले. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाचे नाव घातले, आणि त्याच्या तोडीचा दुसरा कवी न सापडल्यामुळे पुढचे बोट खरोखरच ‘अनामिका’ ठरले, ही कल्पना ज्या परंपरेने केली, तिला क्रमवारीचे वावडे होते असे कसे म्हणावे? आपण बोटे मोजतच आलो आहोत. फरक एवढाच की, त्या गणनेत दुसऱ्या क्रमांकावर कोणालाही बसविण्याची घाई केलेली नाही.

आणि ‘हयात’ या विशेषणाचा प्रश्नही कालिदासाला ठाऊक होता. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत पारिपार्श्वक सूत्रधाराला विचारतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या ख्यातनाम नाटककारांना ओलांडून आज हयात असलेल्या कालिदासाच्या कृतीला एवढा मान कशासाठी? त्यावर सूत्रधाराने दिलेले उत्तर विख्यात आहे. जुने तेवढे चांगले आणि नवे म्हणून निंद्य असे नसते. जाणते पारखून घेतात, आणि ज्यांना स्वतःची बुद्धी नाही ते दुसऱ्याच्या विश्वासावर चालतात, असा त्याचा आशय आहे. आज आपण ज्याला प्राचीन म्हणतो तो कवी तेथे नवा म्हणून हिणवला जाण्याच्या भयात उभा आहे. रॉक-संगीतात नेमकी हीच स्थिती आहे. जिमी हेंड्रिक्स १९७० साली सत्ताविसाव्या वर्षी वारला आणि तेव्हापासून करंगळी त्याच्याकडे आहे. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३, २०११ आणि २०२३ अशा तीन वेळा गिटारवादकांच्या याद्या छापल्या. तिन्हींत पहिले नाव त्याचेच. मृतांशी स्पर्धा लावली की हयातांचा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून ‘हयात’ हा शब्द घालून प्रश्न विचारणारी पोरे आम्हांला वाटली तितकी उथळ नव्हती. भास-सौमिल्लांना क्षणभर बाजूला ठेवून ती आजच्या माणसाची पारख मागत होती.

याद्यांविषयी मात्र आमचे मत फारसे सुधारले नाही. एडी व्हॅन हेलन या वादकाचे उदाहरण पाहावे. गिटारीच्या पडद्यांवर दोन्ही हातांची बोटे टिचकी मारल्यासारखी आपटून स्वरांची सर काढण्याची रीत त्याने १९७८ च्या आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत अशी काही रूढ केली की, पुढची दहा वर्षे पोरांना दुसरे सुचेना. हा वादक २००३ च्या यादीत सत्तरावा होता, २०११ च्या यादीत आठवा झाला, आणि २०२० साली त्याचे निधन झाल्यानंतरच्या २०२३ च्या यादीत चौथा. वाजविणारा हात तोच, मुद्रिका त्याच. वीस वर्षांत बदलले ते मोजणारे. २००३ च्या शंभर नावांत स्त्रिया अवघ्या दोन होत्या, ही गोष्टही मोजणाऱ्यांविषयीच काही सांगते; कारण विजेची गिटार हाती घेऊन चर्चमधील भजनांना रॉकची चाल देणारी सिस्टर रोझेटा थार्प ही १९७३ साली वारली होती, आणि हेंड्रिक्सचा जन्म होण्यापूर्वीच तिचे नाव झालेले होते.

मोजणाऱ्यांचा हा विषय निघाला म्हणून पुन्हा ‘मालविकाग्निमित्रा’कडेच जाणे भाग आहे. कारण कलावंतांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा कसा होतो याचे इतके निष्ठुर चित्रण आम्हांला इतरत्र आढळलेले नाही. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य ‘मी मोठा की तू मोठा’ म्हणून राजासमोर भांडत येतात. पंच म्हणून परिव्राजिका कौशिकीची निवड होते, कारण राजा एकाचा पक्षपाती आणि राणी दुसऱ्याची. कौशिकी मोठ्या शहाणपणाने सांगते की, नाट्य हे प्रयोगाने पारखायचे, शब्दांच्या वादाने नव्हे. एखाद्यापाशी कला स्वतःपुरती असते, दुसऱ्यापाशी ती शिष्यात उतरविण्याची हातोटी असते, आणि दोन्ही असतील तो आचार्यांत अग्रणी. एवढ्याने आपण मान डोलावतो. पण वाचकाला ठाऊक असते की, हा तंटा मुळात विदूषकाने लावून दिलेला आहे आणि तो राजाला मालविका पाहता यावी म्हणून. मालविका नाचते. हरदत्ताच्या शिष्येची पाळी येते तेव्हा वैतालिक मध्याह्न झाल्याची घोषणा करतो, विदूषकाला जेवणाची आठवण होते, आणि दुसरा प्रयोग पुढे ढकलला जातो. रंगभूमीवर तो आपल्याला कधीच दिसत नाही. तिसऱ्या अंकाच्या आरंभी दोन दासींच्या बोलण्यातून कळते की, दोघेही विद्वान व प्रयोगनिपुण, परंतु शिष्येच्या गुणांमुळे गणदास वरचढ ठरला. आणि ही निःपक्षपाती कौशिकी कोण, तर मालविकेला पहिल्यापासून ओळखणारी, तिच्याच राजकुळाच्या अमात्याची बहीण! याद्या प्रसिद्ध करणाऱ्या संपादकांनी हे नाटक वाचलेले नसावे. पण त्यांचा व्यवहार बहुधा या दोन अंकांप्रमाणेच चालतो. ज्याची पाळी जेवणाच्या वेळी आली तो राहून जातो.

तेव्हा पंच म्हणून आम्ही आपला पक्षपात आधीच उघड करतो. आमचा कान आलापाचा आहे. द्रुतगतीच्या तानांनी आम्ही चकित होतो, पण हलत नाही. वाचकांनी पुढील निर्णय याच भानाने वाचावा.

विजेची गिटार म्हणजे काय याविषयी दोन शब्द. साध्या गिटारीत लाकडी पेटी स्वर वाढविते. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि तो वर्धकातून मोठा होऊन बाहेर पडतो. वर्धकावर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की आवाज ‘फाटतो’. हाच तो फाटका आवाज ज्यासाठी आम्ही जिना चढलो होतो. परंतु ऐकता ऐकता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. फाटलेल्या आवाजात मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनेक उपस्वर मिसळतात आणि स्वर दीर्घकाळ टिकतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून आपण जी जवारी काढतो तिचे कार्य याहून फारसे वेगळे नाही. जवारी उघडलेला तंबोरा प्रथम ऐकणाऱ्या परक्या माणसालाही तो ‘फाटका’ वाटत असेल. स्वर टिकू लागल्यामुळे गिटारीला मींड साध्य झाली. सतारीचे पडदे वक्र आणि उंच, त्यामुळे तार आडवी खेचून चारपाच स्वर सहज ओलांडता येतात. गिटारीच्या पडद्यांवर ही मुभा एक-दीड स्वराची, फार तर दोनांची. या तोकड्या जागेत कोण काय करतो, ही आमची पहिली कसोटी ठरली.

या कसोटीला जो उतरला असता तो जेफ बेक आम्ही मुदत मागण्याच्या सुमारासच, १० जानेवारी २०२३ रोजी, वारला. त्याने नखी टाकून दिली होती. अंगठा व बोटे तारेवर, करंगळी आवाजाच्या खुंटीवर आणि तळहात घोडीच्या दांडीवर, असा त्याचा उजवा हात. स्वर छेडल्याचा आघात ऐकू येऊ न देता तो शून्यातून उगवावा, मग दांडीने हळूच हलावा. १९८९ च्या त्याच्या एका संथ रचनेत हे सगळे आहे आणि ती ऐकताना आम्हांला सारंगीची आठवण झाली. पुतण्याच्या मित्राचा तो उमेदवार होता. “काका, आता तो यादीतून गेला,” असे तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की, त्यापुढे या प्रश्नाकडे थट्टेने पाहणे आम्हांला जमले नाही. कलावंत हयात असताना त्याची पारख करावी असे मनात असते, आणि एका सकाळी तो भास-सौमिल्लांच्या पंक्तीत जाऊन बसतो.

उरलेल्यांत एरिक क्लॅप्टन याचे नाव प्रथम घेण्याचा प्रघात आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या भिंतींवर त्याला देव म्हणणारी वाक्ये रंगविली गेली. आमच्या मते तो उत्तम घराणेदार वादक आहे. मिसिसिपीच्या आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांचे ऋण त्याने कधी लपविले नाही. पण ऋणको कितीही प्रामाणिक असला तरी धनको हयात असता त्याला वगळून कसे चालेल? १९३६ साली लुइझियानात जन्मलेला बडी गाय हा त्या पिढीचा दुवा. हेंड्रिक्सने आणि क्लॅप्टनने ज्याच्याकडून घेतले तो हा. ‘तो ब्लूजचा, रॉकचा नव्हे’ या सबबीवर त्याला वेगळे बसविणे हे ध्रुपदियाला ख्यालाच्या बैठकीत दाराशी बसविण्यासारखे आहे. कीथ रिचर्ड्‌स सहावी तार काढून टाकून पाच तारा विशिष्ट मेळात लावतो आणि लयीच्या दोन-तीन आघातांवर सबंध गाणे तोलून धरतो. याद्यांत त्याची उंची वरखाली होते, कारण लयीला गुण कसे द्यावेत हे कोणालाच नीट कळत नाही. ब्रायन मे याने वडिलांच्या मदतीने जुन्या शेगडीभोवतीच्या लाकडातून आपली गिटार स्वतः घडविली, नखीऐवजी सहा पेन्सांचे नाणे वापरले, आणि २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली. वराहमिहिराच्या आणि कर्कराजेश्वराच्या या गावात त्याला थोडे अधिक गुण द्यावेसे आम्हांला वाटले, पण तो मोह आवरला.

जॉन मक्लॉफ्लिनचा पेच वेगळा. १९७० च्या दशकात एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ या मेळातून त्याने आपल्या तालाशी जी बरोबरी केली ती कौतुकाची खरी. पण तो रॉकचा राहिला आहे काय? उलट डेरेक ट्रक्स याच्यापाशी आम्ही अधिक वेळ थांबलो. १९७९ साली जन्मलेला हा अमेरिकन बोटात काचेची नळी घालून ती तारेवर सरकवितो, त्यामुळे पडद्यांचे बंधन सुटते. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचा सरोद त्याने मन लावून ऐकला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. स्वरावर येण्यापूर्वी खालून घासत येण्याची त्याची तऱ्हा ते सांगते.

आपल्याकडचे कोण, असे वाचक विचारतील. १९७१ च्या ‘दम मारो दम’ या चित्रपटगीतातील गिटार वाजविणारे भूपिंदर सिंग २०२२ साली निवर्तले. कोट्यवधी भारतीयांनी विजेच्या गिटारीचा आवाज प्रथम ऐकला तो बहुधा त्यांच्या हातून, पण लोक त्यांना गायक म्हणूनच ओळखत आले. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा मेळ उभा राहिला, तोच १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. त्याचे गिटारवादक महेश तिनईकर. मराठी नियतकालिकांनी या वादनाची समीक्षा केल्याचे आमच्या वाचनात नाही. गाणी इंग्रजीत म्हणून आपण ती परकी मानली असतील. पण गिटारीचे बोल कोणत्या भाषेतले असतात? पंडित विश्वमोहन भट्टांनी गिटारीला मोहनवीणा केले आणि राय कूडरसह केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा आपण आनंदलो, कारण ते रागसंगीत होते. रॉक वाजविणाऱ्या आपल्या माणसाला तिकडे यादीत जागा नाही आणि इकडे समीक्षेत नाही. त्याच्याही पाळीला मध्याह्नच झालेला दिसतो.

आता निर्णय. आमच्या कानाला विचाराल तर डेव्हिड गिल्मर. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७५ च्या एका दीर्घ रचनेत आरंभीच्या सुरांच्या पडद्यावर तो फक्त चार स्वर टाकतो आणि थांबतो. ते पुन्हा येतात, पुन्हा थांबतात. अतिविलंबित लयीत अमीर खाँसाहेब एका स्वरापाशी जसे रेंगाळत, तसे रेंगाळण्याचे धैर्य टाळ्यांच्या आणि धुराच्या त्या जगात या एका माणसाने दाखविले. त्याची मींड तुटपुंज्या जागेतही पूर्ण वाटते, कारण तो वरच्या स्वरावर पोचल्यावर घाई करीत नाही. कंप त्या स्वरावर थोडा उशिराने देतो. २०२४ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याने नवी ध्वनिमुद्रिका काढली तीतही हा संयम आहे. जिमी पेज याच्यापेक्षा तो संयोजक म्हणून उणा असेल. गिटारीवर गिटार रचून मंदिर उभारावे ही कला पेजची. पण पेज बैठकीतून केव्हाच उठून गेला आहे, गिल्मर अजून गातो आहे.

हा निर्णय आम्ही गच्चीवर जाऊन सांगितला. पुतण्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “काका, पण तुमच्या त्या संन्यासिनीच्या नियमानं बघितलं तर?” आम्ही निरुत्तर झालो. कारण शिष्यांवरून आचार्य ठरवायचा तर उत्तर निराळे येते, आणि ते त्याच्या उमेदवाराचे आहे.

टोनी आयोमी, जन्म १९४८, बर्मिंगहॅमचा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर चालणारा हातच गेला. वाजविणे संपले असे सर्वांनी धरले. त्याच्या कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी वाजविणारा तो वादक. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले. टोपणाखाली तार कळत नाही, जाड तार दाबवत नाही, म्हणून त्याने बारीक तारा घेतल्या आणि पुढे त्या सैल करून पट्टीच खाली उतरविली. तो मंद्र, जड, सावकाश चालणारा आवाज ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० च्या पहिल्या मुद्रिकेपासून सुरू होऊन १९७१ पर्यंत आणखी खाली गेला, आणि त्यातून रॉकची एक सबंध शाखा निघाली. देवास येथून सदतीस-अडतीस किलोमीटरांवर आहे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेला तरुण गायक १९४८ साली तेथे राहावयास आला, काही वर्षे गाण्याला मुकला, आणि उठला तेव्हा छोट्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी घेऊन. दोन्ही संगीतांत साम्य काही नाही आणि आम्ही ते सुचवीतही नाही. पण तो जड आवाज आम्ही त्यानंतर पुन्हा ऐकला आणि या खेपेस दार लावून घेतले नाही.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चा अखेरचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी मेटॅलिका, स्लेयर, गन्स अँड रोझेस असे, स्वतःच जगभर गाजलेले, मेळ एकामागून एक येऊन वाजवून गेले. शेवटी मूळ चौघे बसले. सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न वारला. परिव्राजिकेने मागितलेला शिष्यांचा प्रयोग याहून उघडपणे क्वचितच झाला असेल, आणि या वेळी मध्याह्नाची घोषणा करणारा कोणी नव्हता.

कानाचा कौल गिल्मरला आणि नियमाचा आयोमीला, असा आमचा निवाडा दुभंगलेला आहे. करंगळीवर गिल्मरला आम्ही ठेवले. पुढच्या बोटाचे काय, हे मोजू लागलो तेव्हा पुतण्या हसला. आयोमीची तुटलेली बोटे कोणती, हे आम्ही त्याला विचारले नव्हते. मधले, आणि त्याच्या शेजारची अनामिका.

त्या रात्री गच्चीवरून आवाज आला नाही म्हणून आम्ही डोकावून पाहिले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून त्याने त्या दोन बोटांवर दोऱ्याने बांधले होते, आणि वर्धक बंद ठेवून, तार कोठे आहे हे चाचपीत, तो एकच ओळ पुनःपुन्हा वाजवीत होता.